आंतर-कॉलेज कुस्ती: सांघिक गुणांचं गणित आणि फाऊलचे वाद

गोव्यात कॉलेजच्या कुस्ती संघाची जबाबदारी बहुतेक वेळा अशा माणसाच्या गळ्यात पडते, ज्याचा उभा जन्म फुटबॉलच्या मैदानावर गेलेला असतो. जिमखान्याच्या बैठकीत विषय निघतो, सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि जो शेवटी मान वर करतो त्याचं नाव मॅनेजर म्हणून लिहिलं जातं. संघात दोघे-तिघे चोर्ला घाटापलीकडून, बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूने शिकायला आलेले, तालमीत वाढलेले. बाकीचे जिममध्ये अंग कमावलेले. स्पर्धा पंधरा दिवसांवर.

अशा मॅनेजरसाठी आणि पहिल्यांदाच गॅलरीत बसणाऱ्या पालकांसाठी हे लिहितो आहे. डाव शिकवणं हा वस्तादांचा प्रांत, त्यात मी जात नाही. सांघिक अजिंक्यपद कुणाला मिळतं हे ठरवणारं गणित आणि अवैध पकडीवरून होणारी भांडणं, एवढंच घेतो. दोन्ही गोष्टी वरवर लांबच्या वाटतात, पण एका कॉशनने, म्हणजे पंचांच्या ताकिदीने, सांघिक ढाल हातची गेलेली कॉलेजं असतात. ते कसं होतं ते पुढे आकड्यांत दाखवतो.

पहिलं पाऊल: परिपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचा

कुस्तीचे आंतरराष्ट्रीय नियम युनायटेड वर्ल्ड रेसलिंग ही संघटना ठरवते आणि कॉलेजच्या स्पर्धा त्याच चौकटीत होतात. पण स्थानिक आयोजक त्यात आपले फेरफार करतात आणि ते फक्त परिपत्रकात असतात. लढती फ्री स्टाइलच्या की ग्रीको-रोमनच्याही (जिच्यात कमरेखाली पकड चालत नाही)? मुलींचे गट आहेत का? एका वजन गटात एका कॉलेजचे किती मल्ल चालतील? वजनात दोन किलोंची सूट आहे का? ही झाली सरळ माहिती, ती सगळेच बघतात.

बघत नाहीत ते म्हणजे शेवटचा परिच्छेद: सांघिक गुण कोणत्या तक्त्याने द्यायचे, बरोबरी झाली तर काय, तक्रार कुणाकडे, किती वेळात, किती शुल्क भरून. परिपत्रकात हे नसेल तर मॅनेजरांच्या सभेत उठून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. तुम्ही नवे आहात, त्यामुळे विचारायला लाजायचं कारणच नाही. जुने लोक विचारत नाहीत, कारण आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटतं. मग संध्याकाळी बक्षीस समारंभाच्या आधी तेच सगळ्यात मोठ्याने बोलतात.

वजनाची सकाळ

इथे फार सांगण्यासारखं नाही. ओळखपत्र, परिपत्रकात मागितलेली कागदपत्रं, कापलेली नखं. वजन जास्त भरलं की मल्ल बाद आणि त्या गटातले तुमचे सांघिक गुणही गेले. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाट अंतिम फेरी गाठूनही दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली आणि क्रमवारीत शेवटची ठरली. कॉलेजच्या काट्यावर कुणी त्याहून दयाळू असेल अशी आशा धरू नका.

एक खास इथली गोष्ट मात्र सांगतो. घरून निघताना आईने अंगाला खोबरेल चोळून पाठवलेलं पोर दर वर्षी एखादं तरी असतं. अंगाला तेलकट किंवा चिकट काही लावलेलं चालत नाही. मॅटवर घेण्याआधी पंच हात फिरवून बघतात आणि परत पाठवतात. आदल्या रात्रीच बजावून ठेवा.

तीन वेगळे गुण, आणि त्यांची होणारी खिचडी

नवा माणूस फलकावरचे आकडे बघतो आणि तेच कॉलेजच्या खात्यावर जमा होतात असं धरून चालतो. तसं नसतं. कुस्तीत तीन पातळ्यांवर गुण मोजले जातात.

पहिली पातळी लढतीतली. मोठ्या गटाची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला मॅटबाहेर काढलं तर १, खाली घेऊन ताबा मिळवला तर २, पाठ मॅटच्या दिशेने फिरवली तर २, उभ्यातून फेकून थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ मॅटकडे, आणलं तर ४ आणि उंच उचलून टाकलेल्या भव्य डावाला ५. फ्री स्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठतेवर कुस्ती संपते, ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांवर. दोन्ही खांदे टेकवून पंचांना पूर्ण ताबा दिसला की चितपट. मग फलकावर काहीही असो.

दुसरी पातळी वर्गीकरण गुणांची. हे गुण गॅलरीला दिसत नाहीत, टेबलावरच्या कागदावर असतात. चितपट, दुखापतीमुळे माघार, गैरहजेरी किंवा अपात्रता यातून आलेल्या विजयाला ५ आणि हरणाऱ्याला ०. तांत्रिक श्रेष्ठतेला ४. हरणाऱ्याने एखादा तरी गुण घेतला असेल तर त्याला १. साध्या गुणांवरच्या विजयाला ३, आणि तिथेही हरणाऱ्याच्या खात्यावर लढतीत काही जमा असेल तर त्याला १. आठ किंवा जास्त मल्ल असलेल्या बाद पद्धतीच्या गटात या गुणांनी खालच्या जागा ठरतात.

गोव्यातल्या गटांत मात्र त्यांना फार वजन येतं. आपल्याकडे एका वजनात अनेकदा तीन-चारच नावं असतात, आणि सहापेक्षा कमी मल्ल असले की प्रत्येकाची प्रत्येकाशी कुस्ती लावतात. समजा तिघे आहेत. पहिल्याने दुसऱ्याला चितपट केलं, दुसऱ्याने तिसऱ्याला तांत्रिक श्रेष्ठतेवर हरवलं (तिसऱ्याने दोन गुण घेतले होते), आणि तिसऱ्याने पहिल्याला ६-४ असं हरवलं. तिघांचा एकेक विजय. आता कागद काढा: पहिल्याचे ५ अधिक १ म्हणजे ६, दुसऱ्याचे ० अधिक ४ म्हणजे ४, तिसऱ्याचे १ अधिक ३ म्हणजे ४. सुवर्ण पहिल्याचं. शेवटची कुस्ती जिंकून नाचणारा तिसरा आणि त्याचं कॉलेज हक्काबक्का होतं, आणि मॅनेजर टेबलाकडे धाव घेतो. असा वाद घालायला जाऊ नका, त्यात काही हाती लागत नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. आघाडीवर असलेल्या तुमच्या मल्लाने उगाच फाऊल केला आणि समोरच्याला एक गुण मिळाला, तर तुमचा विजय तसाच राहतो, पण हरणाऱ्याच्या वर्गीकरण खात्यात शून्याचा एक होतो. तिघांच्या गटात तो एक नंतर नडू शकतो.

तिसरी पातळी सांघिक गुणांची, आणि ढाल यावरच मिळते. हे गुण लढतींना नाही, अंतिम स्थानाला मिळतात. जागतिक स्पर्धांच्या तक्त्यात पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, दोन्ही कांस्यपदक विजेत्यांना १५-१५, कांस्याच्या लढतीत हरलेल्या दोघांना १०-१०, आणि सातव्या ते दहाव्याला ८, ६, ४, २. स्थानिक स्पर्धांत सुवर्णाला ५, रौप्याला ३, कांस्याला १ असा सुटसुटीत हिशेबही चालतो.

तक्ता बदलला की विजेता बदलतो. कॉलेज 'अ'चे तीनच तगडे मल्ल, तिघेही सुवर्ण. कॉलेज 'ब'चं एक सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य. ५-३-१ ने मोजलं तर अ चे १५, ब चे १२. ढाल अ ची. २५-२०-१५ ने मोजलं तर अ चे ७५ आणि ब चे २५ अधिक ४० अधिक १५, म्हणजे ८०. ढाल ब ची. परिपत्रकाचं शेवटचं पान वाचा म्हणालो ते यासाठी.

आता त्यात एक फाऊल घाला. ब च्या कांस्याच्या लढतीत त्यांच्या मल्लाला तिसरी कॉशन बसली आणि तो लढत हरला. १५ चे १० झाले, ब ७५ वर आलं. दोन्ही कॉलेजं बरोबरीत, आणि बरोबरीत ज्याची पहिली स्थानं जास्त त्याला अग्रक्रम. अ कडे तीन सुवर्णं आहेत. गेली ढाल.

म्हणून नव्या मॅनेजरला माझा सल्ला असतो: सुवर्णाच्या दावेदारामागे फिरू नका, तो आपलं बघून घेईल. रिकामे वजन गट भरा आणि हरलेल्या पोरांना कांस्याच्या लढतीसाठी परत उभं करा. अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्या मल्लाला रेपेचेजमधून पुन्हा संधी मिळते. आपली पोरं पहिली कुस्ती हरली की कपडे बदलून पणजीची बस पकडायला निघतात, मग माइकवरून नाव पुकारलं जातं आणि कुणी नसतं. साक्षी मलिकचं २०१६ चं ऑलिंपिक कांस्य रेपेचेजमधूनच आलं होतं, हे त्यांना सांगा.

अमेरिकेतल्या क्लिपा बघून येणाऱ्यांसाठी

पोरं मोबाइलवर अमेरिकन कॉलेज कुस्ती बघतात आणि तेच नियम इथे लावायला जातात. तिथली शैली वेगळी, तिला फोकस्टाइल म्हणतात. २०२३-२४ च्या हंगामापासून तिथे टेकडाउनला, म्हणजे खाली घेऊन ताबा मिळवण्याला, ३ गुण आहेत, आपल्याकडे २. प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ठेवण्याच्या वेळेचाही तिथे गुण मिळतो, आपल्याकडे नाही.

सांघिक हिशेब तर पूर्ण निराळा. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठ स्थानांना १६, १२, १०, ९, ७, ६, ४, ३ गुण, शिवाय मुख्य ड्रॉमध्ये पुढे सरकल्याबद्दल प्रत्येक वेळी १ आणि पराभूतांच्या ड्रॉमध्ये अर्धा. त्यावर आणखी बोनस: चितपटाला २, तांत्रिक विजयाला दीड, मोठ्या फरकाच्या विजयाला १. म्हणजे लढत कशी जिंकली हेही थेट संघाच्या खात्यावर चढतं. पेन स्टेट विद्यापीठाने २०२४ मध्ये १७२.५ गुणांचा विक्रम केला आणि २०२५ मध्ये १७७ करून तो स्वतःच मोडला. त्या २०२५ च्या संघाची सुवर्णं दहापैकी फक्त दोन होती. पण दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठांत आले. रिकामे गट भरा, हा माझा धोशा तिथेही लागू पडतो असं दिसतं.

मॅटवर कोण काय ठरवतं

मॅटवर शिट्टी घेऊन फिरतात ते पंच. त्यांच्या डाव्या मनगटावर लाल पट्टा असतो, उजव्या मनगटावर निळा. ज्या रंगाच्या मल्लाला गुण द्यायचा त्या हाताची बोटं वर. पहिल्या दोन कुस्त्या फक्त ते हात बघा, मल्लांकडे बघूच नका. फलक न बघता गुण कळायला लागतील. मॅटच्या कडेला बसलेले ते साईड पंच, आणि त्यांच्या समोरच्या बाजूला टेबलावर बसलेले मॅट चेअरमन, ज्यांना आपल्याकडे सरपंच म्हणतात. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की निर्णय पक्का.

हे तिघेही एकाच जागेवरून बघत नाहीत. पंचांच्या बाजूने मान मोकळी दिसते, तेव्हा साईड पंचांना गळ्यावरचा हात दिसत असतो. गॅलरीतून तुम्हाला जे 'स्पष्ट' दिसलं ते मॅटच्या उंचीवरून तसं नसतं. वाद घालण्याआधी आपल्या मल्लाची कुठली बाजू कुणाकडे होती एवढा विचार केला तरी निम्मे वाद तोंडातच राहतात.

अवैध पकड: काय असते, काय नसते

आधी एक गैरसमज. दुखलं म्हणजे फाऊल, असं नाही. घोटे एकत्र आवळून मल्लाला गरगर फिरवतात तेव्हा भयंकर दुखतं, आणि ती पूर्ण वैध पकड आहे. गॅलरीतून 'पाय मोडतोय, पाय मोडतोय' ओरडणाऱ्या काकांकडे लक्ष देऊ नका.

सगळ्यात जास्त भांडणं मानेवरून होतात. मान एकटी दोन्ही हातांनी जखडली तर अवैध. मानेबरोबर समोरच्याचा एक दंडही कवेत आला तर वैध. फरक एका हाताचा, आणि घामाने निथळत असताना तो हात अर्ध्या सेकंदात निसटतो. पकड सुरू होताना वैध असते, फिरवता फिरवता दंड सुटतो आणि नुसती मान हातात राहते. तालमीतला अनुभवी गडी तिथेच पकड ढिली करतो. नवखा आवळत राहतो. घशावर दाब आला तर प्रश्नच नाही, श्वास कोंडणारी कुठलीही पकड चालत नाही.

मग हात. प्रतिस्पर्ध्याचा हात ९० अंशांपेक्षा जास्त पिरगाळणं, किंवा पाठीमागे नेऊन कोपर टोकदार दुमडेल असा दाब देणं, बंद. बोटं पिरगाळणं बंद. पायांची कैची डोक्याला, मानेला किंवा धडाला घालणं बंद. पाठीचा कणा ताणला जाईल अशी ओढ बंद. कोपर किंवा गुडघा पोटात रुतवणं, केस ओढणं, चिमटे, चावा, डोक्याने धडक, हे तर सांगायलाच नको. दुहेरी नेल्सन, म्हणजे दोन्ही काखांतून हात घालून मानेवर लॉक, मोठ्या मुलांना फक्त बाजूने आणि पायांचा वापर न करता करता येते. मुलींच्या कुस्तीत ती पूर्ण बंद आहे. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखालची कुठलीही पकड अवैध. एकेरी पट काढायची सवय लागलेला फ्री स्टाइलचा मल्ल तिथे उतरवलात तर तो पहिल्याच मिनिटात पायाला हात घालतो.

यापुढची गोष्ट गोव्याच्या संघांना खास लागू आहे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या मातीत वाढलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या लंगोटाला किंवा जांघियाला हात घालून डाव मारतो, आणि मातीत ते रीतसर आहे. मॅटवर कॉश्च्युमला हात घालता येत नाही. हे त्या पोराला माहीत असतं, तो मान डोलावतो, सरावात पाळतोही. पण आपल्या इनडोअर हॉलमधला दमटपणा असा की दुसऱ्या फेरीत अंग साबणासारखं निसटायला लागतं, आणि मग हात आपोआप कापडाकडे जातो. नीट बघितलंत तर तळहात उघडा नसतो, चार बोटं कमरेपाशी कापडात अडकलेली असतात आणि कॉश्च्युमची शिवण एका बाजूला ताणलेली दिसते. साईड पंच नेमकं तेच टिपतात. सरावातल्या शेवटच्या दहा मिनिटांत, पोरं दमल्यावर, मुद्दाम कॉश्च्युम घालून लढवा आणि हात बघत राहा. सवय तिथेच सापडते आणि तिथेच मोडता येते.

शिक्षा कशी होते? धोकादायक पकड दिसली की पंच बहुधा आधी बजावून ती सोडायला किंवा दुरुस्त करायला लावतात. ऐकलं नाही की कॉशन आणि समोरच्याला गुण. हल्ला करणाऱ्यानेच अवैध पकड केली तर त्या डावाचे गुण मिळत नाहीत आणि प्रतिस्पर्ध्याला १ गुण. बचाव करणाऱ्याने अवैध पकड केली, पण तरीही हल्ला पुरा झाला, तर हल्लेखोराला डावाचे गुण अधिक १. अवैध पकडीने डाव अडवलाच, तर २. कॉशन म्हणजे फुटबॉलचं पिवळं कार्ड समजा, फक्त इथे बाहेर जायला तीन लागतात. आणि कॉशनची नोंद शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही: लढत समान गुणांवर संपली तर आधी मोठ्या किमतीचे डाव कुणाचे ते बघतात, तेही सारखे असले तर कॉशन कुणाच्या कमी ते, आणि मग शेवटचा गुण कुणाचा ते.

तीन कॉशननी हरलेला मल्ल फक्त ती लढत हरतो; त्याचं स्थान आणि सांघिक गुण राहतात. पण पंचांनी क्रूरपणा किंवा गंभीर गैरवर्तन ठरवून स्पर्धेतूनच बाहेर काढलं, तर स्थानही नाही आणि संघाला त्या गटातून काहीच नाही. रागीट मल्ल असेल तर त्याला हा फरक कुस्तीच्या आधी समजावून सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.

वाद घालायचा तर असा

एकच वेळ असते: लढत चालू असताना. पंचांनी विजेत्याचा हात वर केला की लढतीतल्या निर्णयावर तक्रार चालत नाही. चितपट होती का, गळा आवळला का, मॅटबाहेर कोण आधी गेलं, सगळं त्या क्षणी बंद.

म्हणून पहिली सूचना मल्लाला. फाऊल झाला वाटलं तरी शिट्टी वाजेपर्यंत लढायचं. पंचांकडे तोंड करून हातवारे करणारा मल्ल त्या दोन सेकंदांत चितपट होतो. टोकियोत ऑगस्ट २०२१ मध्ये रवी दहियाची उपांत्य लढत आठवा. २-९ असा मागे पडलेला, शेवटचे क्षण, आणि खालून सुटण्यासाठी कझाकस्तानच्या सनायेवने त्याच्या दंडाचा चावा घेतला. दाताचे व्रण दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत छापून आले. रवीने पकड सोडली नाही, चितपट केली आणि अंतिम फेरीत गेला. पकड सोडून त्याने दंड दाखवला असता तर लढत वाचली असती असं मला वाटत नाही.

दुसरी सूचना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या प्रशिक्षकाला. बसूनच, थोडक्यात आणि नेमकं बोला. 'सर, गळा' किंवा 'सर, कॉश्च्युम' एवढं पुरतं. साईड पंचांचं लक्ष त्या जागी जातं. 'काय चाललंय हे' असं ओरडून काही साधत नाही, उलट प्रशिक्षकालाही कार्ड दाखवतात आणि दुसऱ्यांदा हॉलबाहेर काढतात. मॅटवर पाय ठेवायचा नाही, कधीच. मॅनेजरने तर त्या बाजूला फिरकूही नये. तुमचं काम टेबलावरचं आहे.

व्हिडिओची सोय असेल तर चॅलेंज घेता येतं. फलकावर गुण लागल्यापासून पाच सेकंदांत प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकतो. एका लढतीत एक चॅलेंज. निर्णय तुमच्या बाजूने लागला तर ते शिल्लक राहतं, फेटाळलं गेलं तर प्रतिस्पर्ध्याला १ गुण. रिओत साक्षी मलिक ०-५ वरून ७-५ पर्यंत आली, किर्गिझस्तानच्या कोपऱ्यातून चॅलेंज आलं, ते फेटाळलं गेलं आणि फलकावर ८-५ झालं. कॉलेज स्पर्धांत बहुधा ही सोय नसते. मग कुणाच्या तरी चुलतभावाने गॅलरीतून काढलेला व्हिडिओ घेऊन लोक सरपंचांसमोर उभे राहतात. तो बघायचं बंधन त्यांच्यावर नाही आणि ते बघत नाहीत. व्हिडिओ जपून ठेवा, पोराला रात्री दाखवायला कामाचा आहे.

दुखापत झाली तर मात्र बोला. अवैध पकडीमुळे मल्ल पुढे लढूच शकत नसेल, तर फाऊल करणारा अपात्र ठरतो आणि जखमी मल्ल जिंकतो. हे डॉक्टरांच्या मतावर ठरतं, त्यामुळे डॉक्टरांना नेमकं कुठे आणि कोणत्या पकडीत लागलं ते मल्लानेच सांगू द्या. तुम्ही मध्ये पडून गोष्ट रंगवलीत की संशय येतो.

हात वर झाल्यावर भांडून काय मिळतं, याची उदाहरणं आपल्याला लांब शोधायला नकोत. अहिल्यानगरला २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत मॅटच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. खांदे टेकले नव्हते असं राक्षेचं म्हणणं. प्रकरण पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत गेलं आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निकाल तोच राहिला. त्याचं म्हणणं खरं होतं की खोटं यावर कोल्हापुरात आजही चहा थंड होतो, पण तो इथला मुद्दा नाही. रिओत मंगोलियाच्या दोन प्रशिक्षकांनी ६५ किलोच्या कांस्य लढतीत शेवटच्या क्षणी गेलेल्या एका गुणासाठी मॅटवर कपडे उतरवले. पदक उझबेकिस्तानला गेलं ते गेलंच.

टेबलावरचं भांडण, जे जिंकता येतं

मॅटवरचा निर्णय बदलत नाही, पण कागदावरची चूक दुरुस्त होते. इथे मॅनेजरचं खरं काम सुरू होतं आणि ते फार थोडे करतात. स्कोअर शीटवर लाल-निळ्याची अदलाबदल, कॉशनचा गुण भलत्याच रकान्यात, रेपेचेजमध्ये चुकीचं नाव, तीन मल्लांच्या गटात वर्गीकरण गुण न बघताच दिलेलं सुवर्ण, सांघिक बेरजेत एक गट वगळलेला. हे सगळं मुद्दाम होत नाही. सकाळपासून चहावर बसलेल्या दोन स्वयंसेवकांच्या हातून होतं.

वहीत प्रत्येक लढतीनंतर पाच गोष्टी लिहा: वजन गट, दोघांची नावं, गुण, विजय कसा आणि कॉशन किती. ताळगावच्या किंवा नावेलीच्या इनडोअर स्टेडियमवर दोन मॅट एकाच वेळी चालू असतील तर एकट्याने जमत नाही. एक विद्यार्थी सोबत घ्या, शक्यतो कॉमर्सचा. प्रत्येक गट संपला की त्याच वेळी टेबलावर जाऊन स्थानं जुळवा, दिवसाच्या शेवटाची वाट बघू नका. फरक दिसला तर 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणू नका; 'सर, ५७ किलोत दुसऱ्या लढतीची नोंद एकदा बघू का?' असं विचारा. स्वयंसेवक स्वतः कागद पुढे करतो.

लेखी तक्रार द्यायची वेळ आलीच, तर ती पात्रता, वजन, ड्रॉ किंवा बेरीज यांवरच द्या. 'पंचांनी पक्षपात केला' असं लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही आणि शुल्क बुडतं ते वेगळं. पत्रात परिपत्रकातला परिच्छेद क्रमांक, लढत क्रमांक आणि तुमच्या वहीतली नोंद, एवढंच. चार ओळी पुरतात. सही मॅनेजरची, वेळ घातलेली, आणि पोच घेतलेली.

सांघिक तक्ता जाहीर होण्याआधी सगळ्या मॅनेजरांना दाखवतात. तिथे सही करायला सांगतील, घाईत, कारण प्रमुख पाहुणे येऊन बसलेले असतात. आधी तुमच्या वहीतली बेरीज काढा, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलेजचीही काढा, कारण चूक त्यांच्या रकान्यात असली तरी ढाल तुमची जाते. पाहुण्यांना दहा मिनिटं थांबवायला हरकत नाही. तोवर त्यांच्यासाठी सत्कार, शाल, श्रीफळ आहेच.